रंगाखालचं रंधा मशीन

आधी क्षमा मागते. मी लिहिणारी नव्हे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि आजवर माझ्या हातून लिहून झालं ते परीक्षेचे पेपर आणि वाडीतल्या लोकांचे अर्ज. भाट्याजवळच्या आमच्या वाडीतले अनंत मेस्त्री, मी त्यांना काका म्हणते, त्यांचं एक तक्रारपत्र मी लिहून दिलं होतं. ते वाचून दाखवल्यावर काका म्हणाले, मशीनचं सगळं आलं, पण माझं काय आलं? म्हणून मग पुढं तीन महिन्यांनी ते बोलत गेले आणि मी वहीत उतरवत गेले. एवढ्या मोठ्या माणसाचं आयुष्य मी लिहावं हा आगाऊपणाच आहे. त्यांचं बोलणं शक्यतो तसंच ठेवलं आहे. चूक असेल ती माझी.

लिही गो बाय. मी अनंत, सुतार, बापूस सुतार, त्याचा बापूस सुतार, म्हणजे तुला काय व्हायचंय असं आमच्यात कुणी कुणाला विचारलंच नाय. बापूस हत्यारांची पेटी डोक्यावर घेऊन चालत फिरायचा, कुणाचा नांगर, कुणाचं दार, कुणाच्या होडीचं वल्हं, आणि भात झोडून झालं की घरटी भात यायचं, त्याच्यावर आम्ही चार भावंडं वाढलो. माझ्या हातात रंधा आला तेव्हा मी चौथीत होतो, आणि चौथीतच राहिलो.

बापसाची एक शिस्त होती, ती आधी लिही, कारण सगळं रामायण तिथूनच हाय. नवीन हत्यार घरात आलं की पहिलं देवापुढं ठेवायचं, हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा, मग लाकडाला लावायचं. साधी पटाशी असली तरी. आणि पितृपक्षात आलं तर हातसुद्धा लावायचा नाय, दसऱ्यापर्यंत थांबायचं. मला तेव्हा हसायला यायचं, पण बापूस बोलायचा, हत्याराचा मान ठेव, ते तुझी बोटं ठेवील. ही बघ, दहाच्या दहा हायत, मोज. आमच्या धंद्यात साठीला दहा बोटं असणं म्हणजे काय ते सुतारालाच विचार.

बोटं राहिली पण खांदा गेला. फणसाच्या लाकडाला पन्नास वर्षं हातानं रंधा मारला की काय होणार? डॉक्टर बोलला, मेस्त्री, आता रंधा बंद. मी बोललो, तुम्ही सुई बंद करा, मग मी रंधा बंद करतो. ते हसले, पण रात्री कूस बदलता येईना तेव्हा ही, आमची मंडळी, बोलली, हसून झालं असेल तर मशीनचं बघा. माझा पुतण्या राजू शहरात प्लायवूडची कामं घेतो, सनमायका चिकटवतो, तो बोलला, काका, माझ्याकडं या, नुसतं माणसांवर लक्ष ठेवा. आता काय सांगू तुला, ज्यानं आयुष्यभर लाकूड बघितलं त्यानं डिंक वाळताना बघत बसायचं काय?

म्हणून मशीन. फळी एका बाजूनं घातली की दुसऱ्या बाजूनं गुळगुळीत आणि सारख्या जाडीची बाहेर येते, तसलं रंधा मशीन. नवं चांगलं मला झेपणारं नव्हतं. नवं हलकं होतं, पण ते पत्र्याचं, फणसाची फळी घातली की मशीनच पुढं चालत येईल. मग राजूनं मोबाइलवर दाखवलं, मुंबईची एक पार्टी, परदेशी मशीनं आणते, जुनी, पण लिहिलेलं प्रीमियम रिकंडिशन. मी विचारलं, म्हणजे काय रे? फोनवरचा मुलगा बोलला, काका, म्हणजे पूर्ण उघडून, सगळे झिजलेले पार्ट बदलून, नव्यासारखं. किंमत नव्याच्या पाऊणपट. मी बोललो, जुन्याला एवढे? तो बोलला, काका, हे भंगारातलं नाय, प्रीमियम हाय. आणि पंधरा दिवसांत काय वाटलं तर परत घेऊ, बिनधास्त.

मी लोखंडाला भुललो, खोटं कशाला बोलू. जुनं लोखंड जड असतं, ते हलत नाय, त्याच्यावर काम केलं की कळतं. दोन मोठ्या कामांचे सगळे पैसे त्यात घातले.

मशीन आलं ते गणपती गेल्यावर, पितृपक्षाच्या दुसऱ्या दिवशी. टेम्पोतून उतरवायला सहा माणसं लागली. हिरवागार रंग, चकचकीत, वर सोनेरी स्टिकर. शेजारचा बाबल्या कुंपणावरून बोलला, मेस्त्री, म्हातारीला नवं लुगडं नेसवून आणलात काय? ही आतून बोलली, बाबल्या, तुझ्या तोंडाचं पण रिकंडिशन होतंय काय बघ, आम्ही खर्च देतो.

आणि मी काय केलं, तर काय नाय केलं. गोणपाट टाकून झाकून ठेवलं. पंधरा दिवस पितरांचे, मग नऊ दिवस देवीचे. त्या मुलानं सांगितलेले पंधरा दिवस मला आठवत होते, पण मला वाटलं ते चालू केल्यापासून. तूच सांग, ज्या वस्तूला हात लावला नाय तिचे दिवस मोजायला कसे लागतील? राजू मध्ये येऊन गेला, बोलला, काका, एकदा बटण तरी दाबून बघा. मी बोललो, पितृपक्षात? तुझा आजा वरून हातोडी फेकील.

दसऱ्याला पूजा केली, झेंडूची माळ, नारळ, कुंकवाची पाच बोटं. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं आणि फणसाची एक फळी घातली. एकच फळी, हे नीट लिही. आत अशी खडखड सुरू झाली की ही चुलीवरचं सोडून धावत आली. फळी बाहेर आली, मी तिच्यावर तळवा फिरवला, आणि बाय, हाताला काय लागलं? लाटा. ओहोटी लागली की वाळूवर दिसतात तशा, आणि एक कड दुसरीपेक्षा पातळ. मशीन बंद केलं ते केलं.

फोन केला. फोटो पाठवा बोलले, राजूनं पाठवले. दोन दिवसांनी मेसेज आला, तो मी तुझ्याकडून चारदा वाचून घेतला, आठवतंय? मुदत संपली आहे. मशीनवर लाल डाग दिसतात. ग्राहकाने महिनाभर मशीन वापरून खराब केले व आता तक्रार करीत आहे.

लाल डाग! माझ्या देवाचं कुंकू ते, त्याला डाग बोलतात. आणि वापरलं? वापरलं असतं तर मी पहिल्याच दिवशी बोंब मारली नसती? नुसती मुदत गेली बोलले असते तर मी गप्प बसलो असतो, माझी चूक ती माझी. बाबल्या हसला, राजू बोलला तुम्ही मशीनचं लग्न लावत बसलात, ते पण ऐकून घेतलं. पण मी खोटं बोलतो? या वाडीत माझ्या एका शब्दावर लोक झाड तोडून देतात, किती घनफूट भरलं ते मी सांगायचं आणि त्यांनी मान डोलवायची. मला लबाड कुणी म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं कुणी, तर माझा चेहरासुद्धा न बघितलेल्यानं. मला जेवण जाईना. म्हणून तुझ्याकडं आलो आणि बोललो, मालकाला पत्र लिही, रजिस्टर कर, पैशाचं खाली लिही, वर लिही की एका फळीपलीकडे वापर नाय.

राजूनं बजावलं, काका, आता त्याला हात लावू नका. उघडलंत, चालवलंत, की तुमची बाजू गेली. बरं बोललो. मशीन तसंच. दिवाळी गेली, उत्तर नाय. देवदिवाळी गेली, उत्तर नाय. पुढच्या वळणावरचे शाळेचे गुरुजी, त्यांनी नवं घर बांधलंय, त्यांच्या दाराचं लाकूड माझ्या पडवीत उभं. त्यांच्या आईनं लावलेला फणस वाऱ्यानं पडला होता, त्याचंच दार करायचं होतं. गुरुजी रोज यायचे, बसायचे, लाकडाकडं बघायचे आणि हिनं दिलेला चहा पिऊन जायचे. शिवी दिली असती तर बरं. राजू त्यांना बोलला, गुरुजी, तयार दार लावून देतो, दोन दिवसांत. ते बोलले, वाईच थांबतो.

हातानं करायला गेलो. अर्ध्या फळीत खांदा बोंबलला, रंधा खाली पडला.

मग मी काय ते ठरवलं. पोफळीचे जाधव, तिथल्या वीज प्रकल्पाच्या कॉलनीत वाढलेले, यंत्रांच्या दुरुस्तीत केस पांढरे झालेले, त्यांना बोलावलं. राजूला सांगितलंच नाय. जाधवांनी झाकण काढलं आणि मला बोलले, अनंता, वास घे. आत जुनं ग्रीस, डांबरासारखं, त्यात कुणाच्या तरी परक्या लाकडाचा तांबडा भुसा. बेअरिंग असं खिळखिळं की हातात घेतलं तर खुळखुळा. त्यांनी नखानं हिरवा रंग खरवडला तर खाली गंज, गंजावरच रंग मारलेला. बोलले, यांनी हे उघडलेलंच नाय रे. पण लोखंड सोनं हाय, शाफ्ट सरळ हाय.

म्हणजे बघ. प्रीमियम कशाचा दिला मी? रंगाच्या डब्याचा आणि सोनेरी स्टिकरचा! चिपळूणच्या बाजारातून बेअरिंग आणलं, पाती धार लावून बसवली, आणि मशीन असं चाललं की घरात बोललेलं ऐकू येईल. फळीवर तळवा फिरवला, आणि मी खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून आणखी राग आला. दोन तास, बाय! दोन तासांचं काम आणि एक बेअरिंग. ते त्यांनी केलं असतं तर मी त्यांचे पाय धरले असते.

आता चहाच्या टपरीवर मला विचारतात, मेस्त्री, रिकंडिशन घ्यावं काय, पैसे वसूल होतात काय? मी सांगतो, लोखंड बघा, चालवून बघा, झाकण उघडायला लावा. उघडून दाखवतो बोलला तर नव्याच्या पाऊणपट पण द्या, वसूल होतात, माझे होतायत. नाय बोलला तर फुकट पण आणू नका. आणि आल्या दिवशी बटण दाबा. पूजा नंतर केली तरी देव रागावत नाय, दुकानदारासारखा तो तारखा मोजत नाय. हे बापसाला पटलं नसतं, पण बापसानं टेम्पोनं हत्यार कधी मागवलं नव्हतं.

गुरुजींचं दार झालं. लावलं त्या दिवशी ते बराच वेळ उघडझाप करत राहिले, नुसतेच.

आणि परवा, दार लावून आठ दिवस झाले आणि हे पाकीट आलं. तूच फोडलंस, तूच वाचलंस. मालकाची सही. आपल्या पत्राची चौकशी केली. आपण एका फळीपलीकडे मशीन वापरले नाही, हे आपले म्हणणे मान्य. मशीन न उघडता आहे तसे पाठवावे, पूर्ण रक्कम परत देऊ.

दार बघून राजूला सगळं कळलं होतंच, तो तर उडालाच. काका, जुनं बेअरिंग ठेवलंय ना? ते बसवा, भुसा पुसा, पाठवून द्या, कुणाला कळतंय! मी त्याला बोललो, कुणाला कळतंय? मला लबाड बोलले म्हणून मी तीन महिने जळलो, आणि आज ते खरा बोलतायत तेव्हा लबाड होऊ? तो बोलला, काका, तुम्ही येडे हाव. असेन. ही चुलीकडून बोलली, येडे हायत म्हणूनच मी इथं हाय.

तेव्हा हे लिहून झालं की दुसरं पत्र लिही. लिही की आपलं पत्र मिळालं, उशिरा मिळालं. मशीन आम्ही उघडलं हाय, त्याच्यावर एक अख्खं दार केलं हाय, ते आता परत येत नाय आणि पैसे पण नकोत. आमचं म्हणणं खरं, हे तुम्ही लिहून दिलंत, तो कागद आम्ही ठेवतो. देव तुमचं भलं करो, आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या मशीनला रंग मारायच्या आधी बेअरिंग बदला.