पायाळूची पाठ

गुरुनाथ : अगदी हळू नको हं. मागच्या वेळी दिली होतीस तशी दे. कमरेच्या जरा वर, उजवीकडे.

उल्का : थांबा हो. चहा उतू जाईल.

गुरुनाथ : मी इथे सतरंजीवर पालथा पडलोय आणि तुला चहा सुचतोय! उसण भरलीय मला. श्वास घेतला की कळ येते.

उल्का : मग बोलू नका. तेवढाच श्वास वाचेल.

अवनी : बाबा, मी अजून फोनवर आहे हं. स्पीकर चालू आहे ना? मला फक्त हो की नाही सांग. आज एकतीस डिसेंबर. विम्याचं पॅकेज बदलायचा शेवटचा दिवस.

गुरुनाथ : नाही.

अवनी : ऐकून तरी घे! इथल्या बेसिक विम्यात पाठीचे मणके बसवणारा कायरोप्रॅक्टर येतच नाही. तू सत्तरचा असलास काय नि सतराचा असलास काय. वरचं जादा पॅकेज घेतलं तरच दर व्हिजिटचे थोडे पैसे परत मिळतात. आणि तुम्ही दोघं अजून नुसत्या बेसिकवर.

गुरुनाथ : अगं, घरात पायाळू असताना मी बाहेर कशाला जाऊ? पायाकडून जन्मली तुझी आई. तिने पाठीला एक लाथ लावली की उसण गायब. तुझा कायरो याहून वेगळं काय करतो?

अवनी : तो शिकलेला असतो.

गुरुनाथ : ही जन्मतःच पास झालीय. आपल्या आर्नहेमच्या अख्ख्या मराठी मंडळाला विचार. गणपतीत प्रसादाला नसते एवढी रांग हिच्या पायाला असते. तो कुणाल, एवढा मोठा इंजिनियर, आइंडहोव्हनहून गाडी हाणत आला आणि लाथ खाऊन गेला.

अवनी : आणि दुसऱ्या दिवशी फिजिओकडे गेला. त्याची बायको चारुता म्हणाली मला.

उल्का : गेला? मला तर म्हणाला, काकू, जादू आहे तुमच्या पायात.

अवनी : आई, तो तुझ्या तोंडावर दुसरं काय म्हणणार?

गुरुनाथ : ते जाऊ दे. उल्का, ये लवकर.

उल्का : आज नको. आज अमावास्या आहे.

गुरुनाथ : परवा खिडकीतून पौर्णिमेचा चंद्र दाखवलास की मला!

उल्का : इथल्या थंडीत लवकर झिजतो तो.

अवनी : आई!

गुरुनाथ : बघ, अशी टाळतेय सकाळपासून. आधी म्हणाली कपडे वाळत घालते. मग म्हणाली कुकर लावते. आता चंद्रावर पोचली.

अवनी : बाबा, स्किपोल विमानतळ आला. ट्रेन बोगद्यात शिरली की फोन जाईल. तोवर नीट विचार कर, आणि आईचंही पॅके—

गुरुनाथ : गेली.

(फोन गप्प. गुरुनाथला जमिनीवरून टेबलाचे पाय दिसतात, खुर्चीचे दिसतात आणि उल्काचे. तो बराच वेळ उल्काचेच पाहत राहतो.)

गुरुनाथ : तुझ्या डाव्या पायात मोजा नाही.

उल्का : धुवायला टाकलाय.

गुरुनाथ : एकच?

उल्का : एकच मळला.

गुरुनाथ : काल पण एकाच पायात होता. या असल्या गार फरशीवर. आणि ओट्याला धरून उभी आहेस. चहा केव्हाच झालाय.

उल्का : पालथ्या माणसाने इतकं बघू नये.

गुरुनाथ : वाकता येत नाही तुला?

उल्का : उजव्यात कसाबसा चढवते. डावा उचलला की कमरेतून टाचेपर्यंत वीज जाते.

गुरुनाथ : कधीपासून?

उल्का : गणपतीपासून. मोरेश्वरभाऊजींच्या पाठीला पाय लावताना झालं. ते म्हणाले, वा! मी आत जाऊन रडले.

गुरुनाथ : आणि मला सांगायचं नाही?

उल्का : काय सांगू? सगळ्यांच्या पाठी सरळ करणारीचीच पाठ गेली? पायाळूला स्वतःच्या पाठीवर पाय ठेवता येत नाही हो.

गुरुनाथ : मी ठेवला असता.

उल्का : तुम्ही डोक्याकडून जन्मलात. तुमचा काय उपयोग!

गुरुनाथ : तुझ्या आईने लग्नाआधी विचारायला हवं होतं.

उल्का : विचारलं होतं. मग म्हणाली, मुलगा सरळ आहे, पण चालवून घेऊ.

गुरुनाथ : हसवू नकोस. दुखतं.

उल्का : शेजारची खेर्डा जाते त्या कायरोकडे. म्हणते, कडकड वाजतं आणि मग जिना चढता येतो. मी विचारून ठेवलंय तिला.

गुरुनाथ : कुणासाठी?

उल्का : तुमच्यासाठी.

गुरुनाथ : माझ्यासाठी! ते काही नाही, आधी तुला आपल्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायचं. सोमवारीच. त्या हो म्हणाल्या तर मग खेर्डाच्या त्या कडकडवाल्याकडे.

उल्का : मंडळात कळलं तर?

गुरुनाथ : सांग, यांना घेऊन गेले होते. मी कण्हत राहीन लोकांसमोर.

उल्का : तसेही तुम्ही कण्हताच.

अवनी : हॅलो? हॅलो! आले बाहेर. ठरलं का काही?

गुरुनाथ : घे ते जादा पॅकेज. दोघांचं.

अवनी : काय? तू हो म्हणालास? आई, काय केलंस त्याला?

उल्का : काही नाही गं. हातही लावला नाही.

गुरुनाथ : पायही नाही.

अवनी : बरं, थांबा, भरतेय. बाबा झालं. आई... झालं. उद्यापासून सुरू. आई, तू ठीक आहेस ना?

उल्का : घरी ये, मग सांगते. आणि येताना ते नव्या वर्षाचे तळलेले गोड गोळे, ओलीबोलन, आण गरम गरम. तुझ्या बाबांना पडल्या पडल्या खाता येतात.

अवनी : आणते. ठेवते आता.

गुरुनाथ : ते स्टूल ओढ इकडे. बस.

उल्का : आता लाथ बसून मारू?

गुरुनाथ : डावा पाय पुढे कर. मोजा कुठेय?

उल्का : हीटरवर. पण तुम्हाला उठता यायचं नाही.

गुरुनाथ : उठायचंय कुणाला? हा बघ, हाताला लागला.

उल्का : अहो, नको. तुमची उसण...

गुरुनाथ : हलू नकोस.

उल्का : मोज्याची टाच वर आलीय.

गुरुनाथ : काढून नीट घालू?

उल्का : राहू द्या तशीच.