जोत्यामागचा खड्डा

पन सगळ्यात उंच जोत्याचं घरच तेवढं का पडलं, साहेब? मी तलाठ्याला विचारलं, भगताला विचारलं, पनवेलच्या डॉक्टरलासुद्धा विचारलं. तलाठी म्हनाला वर कळवतो, भगत म्हनाला नारळ आन, डॉक्टर म्हनाला माझ्याकडं कशाला आलास. तुमी तर दर्या कोनाच्या घरात शिरल तेच बघायला आलाय. सांगा. घाई नाय, आधी पानी प्या — आन वहाना काढल्या असत्या तर बरं झालं असतं. राहू द्या. राहू द्या आता.

ती मोजनीची तिकाटी रुततेय? रुतनारच, माती नवी हाय.

येसूबाईच्या झोपडीवर तुमी गेरूची फुली मारली ना? म्हनजे धोक्याचं. ती सकाळपासून मोठ्यानं सांगत फिरतेय — माझं घर सरकारनं आधीच बुडवलं. तिचं घर कुडाचं, साहेब. उधान आलं की पानी या कुडातून आत जातं, त्या कुडातून बाहेर. म्हातारी माळ्यावर बसून दर्याला शिव्या देते, ओहोटी लागली की उतरून चूल पेटवते. आन हिरामनच्या घराला तुमी काय केलं — काहीच नाय. जोतं बघितलं, उंच हाय म्हनालात, पुढं गेलात. मागं गेलात का? नाय गेलात. मागं कोनीच जात नाय.

जोत्याला माती कुठून येते? घरामागून. लांबून कोन वाहनार? जेवढं जोतं उंच, तेवढा मागं खड्डा खोल. मग त्यात पानी साचतं, आमी जिताडा मासा सोडतो. पाव्हना आला की काढायचा. ज्याचं जोतं मोठं त्याचा जिताडा मोठा — मुलगी द्यायला येतात ते आधी जोतं बघतात, मग खड्ड्यात डोकावतात. माझ्या भावाचं, धर्मादादाचं, गावात सगळ्यात उंच. मातीच्या भिंती, वर कौलं, दारात उभं राहिलं की थेट खाडी दिसायची. कमळीवयनी खड्ड्याच्या काठावर बसून पानी थापटायची की जिताडा वर यायचा, तिच्या हातून चिखलातल्या निवट्या खायचा. दादा म्हनायचा, वामन्या, हा तुझ्या हळदीला काढू. मी म्हनायचो, आधी पोरगी काढा.

हा डोळा सुजलाय तो? हिरामननं ठोसा मारला. परवा. तो नव्या बायकोसाठी जोतं अजून वाढवतोय, तसाच मागं खनतोय. मी त्याचं फावडं घेतलं आन खाडीत टाकलं. समजावून सांगायचं राहून गेलं. आधी फावडं टाकलं.

त्या दिवशी? श्रावनातली अवस. दुपारी बांधावरून हाळी आली, खांड पडली म्हनून. आमच्याकडं रीत हाय — बांध फुटला की घरटी एक मानूस पेंढा आन घमेलं घेऊन जातो. दोघं नाय, एकच. घर राखायला दुसरा. दादा उठून मुंडासं गुंडाळत होता, मी त्याच्या हातातलं घमेलं ओढलं आन पळालो. तो मागून वरडला, अरे वामन्या, थोरल्यानं जायचं असतं. मी ऐकलं. पळालोच. — ते तुमी लिहू नका. त्याचा मोजमापाशी काय संबंध.

पुढून पानी आलंच नाय, साहेब. जोत्याच्या दोन पायऱ्या कोरड्या होत्या, मी बघितल्यात. पानी मागून आलं. खड्डा भरला, खड्ड्यानं जोतं खाल्लं, चहात गूळ विरघळावा तसं, आन घर मागच्या मागं त्यात बसलं. भिंती, कौलं, सगळं. ती दोघं आत. आमी बांध बुजवून आलो तर गावातली सगळी खुजी घरं उभी. लोक म्हनतात, धर्माला उंचीची घमेंड होती. घमेंड कसली? सगळेच खनतात. त्यानं जरा जास्त खनलं.

म्हनजे का पडलं ते मला ठाव हाय. मग मी काय विचारतोय? — ते मलाच नीट विचारता येत नाय.

जिताडा वाचला. दोन दिवसांनी मातीतून वर आला आन काठाशी फिरायला लागला. त्याला कोन सांगनार. मी त्याला वयनीच्या वल्या लुगड्यात गुंडाळला, खाडीवर नेला, भरतीत सोडला. मग वयनीसारखं पानी थापटलं. आला नाय. बरं झालं.

हिरामनच्या दारावर फुली मारा, साहेब. तो तुमाला मारनार नाय, तुमच्याकडं शिक्का हाय. त्याची बायको पोटुशी हाय.

घर कुठलं? दाखवलं असतं, पन तुमी त्याच्यावरच उभे हाय. उरलेलं जोतं मी खोदलं आन टोपली टोपली करून परत खड्ड्यात टाकलं. जिथनं काढलं तिथं. आता ना उंच, ना खोल.

उचला ती तिकाटी. ओहोटी लागली, जासईपर्यंत उजेड राहील. पायाखाली बघून चला. पुरुषानं सारवू नये म्हनतात, येसूबाई हसली पन — वयनीनं रोज सारवलं असतं, म्हनून आज सकाळी मी शेन आनून सारवलंय.