बाईंच्या वहीतला ‘ल’

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरच्या मुख्याध्यापिका बाई, वेळात वेळ काढून आलेले पाहुणे, ज्यांच्या निरोपासाठी हे हार आणलेत त्या आमच्या दारावरच्या बाई, आणि समोर बसलेले शिक्षक, आईवडील आणि बालमित्रहो,

माझी ओळख ‘माजी विद्यार्थिनी’ अशी करून दिली गेली. ते फार मनावर घेऊ नका. सहावीनंतर मी शाळेच्या आत कमी आणि बाहेर जास्त होते. हल्ली प्रदर्शनांचे मंडप उभारणाऱ्या टोळीबरोबर गावोगाव फिरते. म्हणून सांगते, मागच्या पडद्याची डावी दोरी सैल आहे, अध्यक्षांनी खुर्ची थोडी पुढे घेतलेली बरी. असो.

बाईंचं कागदावरचं पद ‘समुपदेशक’. हा शब्द आम्हा मुलांच्या जिभेवर कधी बसला नाही. त्या घरोघरी जाऊन दारात उभ्या राहायच्या, म्हणून दारावरच्या बाई. आणि खरं सांगू? आम्हाला त्यांचा संशय यायचा. शाळेचं माणूस घरी येतं ते कशाला? तुमचं मूल हुशार आहे हे सांगायला कुणाच्या घरी कधी कुणी आलंय?

मी दहा वर्षांची होते. धाकटी बहीण झाली आणि आई उठेनाशीच झाली. ताप नाही, खोकला नाही; नुसती भिंतीकडे तोंड करून पडलेली. बाबा लांबच्या कामावर. मी दुधाच्या बाटल्या उकळायचे, बहिणीला शेजारच्या काकूंकडे द्यायचे आणि दुसऱ्या तासाला शाळेत पोचायचे. एका आठवड्यात बाई तीनदा आल्या. मी चार बोटं दार उघडून तिन्ही वेळा तेच सांगितलं, “आई आंघोळीला गेलीय.”

तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, “फार स्वच्छ आहे गं तुझी आई.” हसल्या नाहीत. काखेतल्या निळ्या वहीत काहीतरी लिहिलं आणि गेल्या.

त्या वहीनं माझी झोप उडवली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई पाणी प्यायला गेल्या आणि मी वही दप्तरात घातली. म्हणजे चोरली. बाईंना माहीत आहे, आज तुम्हालाही कळलं.

घरी उघडून पाहते तर माझ्या नावापुढे लाल शाईत एकच अक्षर. ल. मावशी आलेली होती, तिला दाखवलं.

“लबाड असेल,” मी म्हणाले.

“ते काय, तोंडावरच दिसतं तुझ्या. त्यासाठी लाल शाई कोण वाया घालवेल?” मग ती आईकडे वळली आणि तिचा आवाज उतरला. “लक्ष ठेवा असेल. नाहीतर लांब पाठवा. ताई, आई आजारी असली की मुलं काढून नेतात म्हणे. दोघींना दोन ठिकाणी ठेवतात.”

तेव्हा कितीतरी दिवसांनी आई भिंतीकडून वळली. “बांधा सामान,” म्हणाली.

आम्हा बहिणींची गादी गुंडाळली, बाटल्या फडक्यात बांधल्या, आणि दार वाजलं. बाई. त्यांनी गादी पाहिली, गाठोडं पाहिलं, माझ्या हातातली वही पाहिली.

“माझी वही,” एवढंच म्हणाल्या.

“ल म्हणजे काय ते आधी सांगा.”

“लवकर.”

“लवकर काय?”

“लवकर जायचं. उशीर झालेल्या घरांची माझ्याकडे वेगळी वही आहे. तिच्यात कुणाचं नाव जाऊ नये म्हणून ही.”

आई कोपरावर उठून बसली. “मग इतका उशीर का केलात?”

बाईंनी उंबऱ्याशी चपला काढल्या. “चुकलं. तुम्ही आंघोळीला होतात.”

आई हसली, आणि मग बराच वेळ रडली. पुढच्या सकाळी बाई तिच्याबरोबर डॉक्टरांकडे गेल्या. बरं व्हायला आठ महिने लागले. आम्ही दोघी बहिणी तिच्याजवळच राहिलो. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे; वळून पाहू नका, तिला आवडत नाही.

आता माझ्या मूळ स्वभावावर येते. निमंत्रणपत्रिकेत छापलंय, ‘बाईंचे कार्य यापुढे सर्वजण मिळून पाहतील.’ सर्वजण म्हणजे कोण? सकाळी बाईंच्या खोलीत डोकावले. खुर्च्या गेलेल्या, चेंडू आणि उड्यांच्या दोऱ्या भरून ठेवलेल्या. बाईंना विचारलं, आताची वही कुणाकडे दिलीत? त्यांनी पिशवीतून काढून दाखवली. म्हणाल्या, “कुणी मागितलीच नाही गं.”

ती वही ही. या वेळी विचारून आणली आहे आणि उघडलेली नाही. अकरा नावांपुढे ‘ल’ आहे, एवढंच बाईंनी सांगितलं. ही अकरा मुलं उद्याही कुणालातरी सांगणार, आई आंघोळीला गेलीय. तेव्हा दारात कोण उभं असेल?

वही या टेबलावर ठेवते, हारांच्या बाजूला. ज्या कुणाची असेल त्यांनी उचलावी.

मला बोलू दिलंत याबद्दल अध्यक्षांचे आणि आपणा सर्वांचे आभार. बाई, तुमचे कसे मानायचे ते मला अजून जमलेलं नाही. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर धाकटी समजून पोटात घाला. मी आईशेजारी जाऊन बसते. तिथून हे टेबल नीट दिसतं, आणि मी लक्ष ठेवून आहे.