भाऊजींच्या चाकातली महागाची बेरिंग

आमचे पणजोबा इथे संस्थानच्या पागेत घोडे बघायला आले, मग घोडे गेले नि आजोबांनी सायकलीचं दुकान टाकलं, तेव्हापासून आम्ही इंदूरचेच, मराठी बोलतो पण अर्धं हिंदीच होऊन जातं, तुम्ही लिहिताना ठीक करून घ्या. किंवा राहू द्या भिया, आता काय लपवायचं.

तर काय सांगू तुम्हाला, आमच्याकडे जावयाला नाही म्हणत नाहीत. भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, एकदा सहज म्हणाले घड्याळ छान आहे, तर वडिलांनी हातातलं काढून देऊन टाकलं. तेच भाऊजी बँकेतून रिटायर झाले, मग हार्टचं ऑपरेशन झालं. दर रविवारी ते आणि त्यांचे तीन मित्र सायकलने इथून जवळच्या राऊ गावाला जायचे, पोहे खायचे नि वापस. ऑपरेशननंतर हे मागे पडायला लागले, मग जाणंच बंद केलं, दिवसभर खिडकीत बसून राहायचे, ताई रडायची.

एक दिवस मोबाईल घेऊन दुकानात आले, म्हणाले ही सिरॅमिकची बेरिंग बघ, चाकात टाकली की सायकल पळते म्हणतात, घेण्यासारखी आहे का, तू सांग. आता मी काय सांगू? माझी जिंदगी बेरिंगच्या लोखंडी छर्र्यांवर, गोळ्यांवर गेली, सिरॅमिक म्हटलं की मला लोणच्याची बरणीच आठवते, आणि भाव असा की तेवढ्यात दुसरी सायकल येईल. पण समोर जावई. म्हटलं घ्या भाऊजी, एकदम बढिया.

पुढच्या चाकात बसवली. स्टँडवर चाक फिरवलं तर थांबेच ना, भाऊजी बघतच राहिले. मी मागून गुपचूप चौकापर्यंत चालवून बघितली, मला तर काहीच फरक कळला नाही. हवेत फिरणं वेगळं नि वर माणूस बसल्यावर वेगळं, असं मला वाटतं. वाटतंच, पक्कं नाही.

आणि पुढच्या रविवारी भाऊजी सगळ्यांच्या बरोबर राऊला! येऊन माझी पाठ थोपटली. म्हटलं असेल बुवा, आपल्यालाच अक्कल कमी. मग त्या तीन मित्रांतले एक सर दुकानात आले, म्हणाले भिया, उनको बताना मत, इतका खर्च करून बसले बिचारे, म्हणून आम्ही तिघांनी ठरवलंय, कोणी पुढे जायचं नाही. मी विचारलं, मग आधी का नाही हळू चाललात? तर म्हणाले, आधी हळू झालो की ओरडायचे, दया नका करू माझ्यावर, आता त्यांना वाटतं सायकलच पळते.

मी तर चक्रावलोच. मतलब बेरिंग कामाची की बिनकामाची? आता भाऊजी म्हणतात मागच्या चाकाला पण टाक. ताई फोनवर विचारते, खरंच फायदा आहे का रे, आजकाल सकाळी गुणगुणत उठतात. मी म्हणतो, आहे ताई. खोटं बोललो का खरं, देव जाणे, स्वतःचा राग पण येतो नि हसू पण येतं.

त्या तिघांच्या ब्रेकचे रबर मात्र लवकर घासून राहिले, उतारावर दाबून चालवतात नं. परवा बदलून दिले. पैसे काढायला लागले, मी हात जोडले. म्हटलं, सर, असेच दाबत राहा.