काचेच्या पेटीतलं निंदण

हसू नका बायांनो, मले अजून लाज वाटते. आमच्या सुनेनं समोरच्या खोलीत काचेची मोठी पेटी बनवली, अर्धी पाण्याची, अर्धी मातीची. धानाच्या बांधीवरून निवडून-निवडून झाडं आणली, झाडावरच्या दोन बेंडक्या आणल्या. मी म्हटलं, "मरळ टाक, खायले तरी होईन."

"आई, हे पाह्यासाठी हाय."

मंग ती माहेरी गेली. ज्या तणासाठी मी जलमभर कंबर वाकवली, तेच तण माह्या घरात! हात शिवशिवले. सारं निंदून उकिरड्यावर फेकलं.

सून आली न् पेटीपाशी खालीच बसली. "पानाले फेस होता ना, आई? त्यात बेंडकीची अंडी होती."

ती ओरडली असती तं मी भांडली असती. पण ती रडली. मी गुपचूप जाऊन उकिरडा उकरू लागली.

शेजारीण म्हणे, "काय शोधून राहिली वो?"

"डोरलं पडलं माह्यं," मी ठोकून दिलं.

तिनं हाका मारल्या. गल्लीतल्या साऱ्या बाया शेणात हात घालून शोधू लागल्या. मंग तीच थांबली.

"डोरलं तं तुह्या गळ्यात हाय. खरं सांग, काय शोधतं?"

"बेंडकीची अंडी," मी म्हटलं.