ठगबोटीवरचे दाजी

मायमाऊल्यांनो, पावणं मंडळी, मारुतीदाजींसाठी तुमी कुठनं कुठनं घोडेगावला आलात. मी त्यांचा मेहुणा, आणे गावचा. बोलायला उभा राह्यलोय. पण रडत बोलणार न्हाई. दाजींची गोष्ट निघाली की अंगात वारं शिरतं, राव!

नव्वद सालच्या आसपास ते माझ्या ताईला बघायला आले. मध्यस्थ म्हणाला, "पोरगा नेव्हीत ठगबोटीवर हाय." आमचं वडील ताडकन उठलं. "ठगाला पोरगी द्यायची?" दाजी हसले. म्हणाले, "मामा, ठग न्हाई, टग. आणे घाटात भरल्या गाडीला चढावर जादा बैलजोडी जुंपता ना? बंदरात जहाजांना माझी बोट तशीच." वडील खाली बसलं. लगीन ठरलं!

मग एकदा नेव्हीनं घरच्यांना बोट बघायला आत सोडलं. मंडळी, काय सांगू! एवढुशी बोट, नाकाला जुने टायर बांधलेले, आन् समोर लढाऊ जहाज डोंगराएवढं! बोटीनं नाक लावलं, इंजिन गरजलं, आन् ते जहाज हललं! हललं, राव! इंजिनावर कोण? आपले दाजी! ताईला म्हणायचे, "ही बोट माझी थोरली, तू धाकटी." ताई लटकी रुसायची.

पुढं थोरली म्हातारी झाली. इंजिन बंद पडलं. भंगारात काढायचं ठरलं. साहेब म्हणाले, "दुसरी टग ओढत नेईल." दाजी अडून बसले. "साहेब, जल्मभर तिनं दुसऱ्यांना ओढलं. तिला दोर लावू नका. मी चालू करतो." सगळं इंजिन खोललं, परत जोडलं. आधी नुसती खोकली. मग काळा धूर. मग धडधड, धडधड! चालू झाली का न्हाई? झाली! आपल्या पायानं गेली! बंदरातल्या बोटींनी भोंगे वाजवले. हे सांगताना दाजी दर वेळी उठून उभे राह्यचे.

आजारपणात त्यांचंबी तेच. उठवायला हात दिला की म्हणायचे, "सोड, मी उठतो." दवाखान्यात शेवटचे गेले तेबी चालत. लई राग यायचा मला. लई अभिमानबी वाटायचा.

परवा मात्र आमी खांदा लावला, आन् दाजी काही बोलले न्हाईत.

दाजी, तुमाला आमी उचलून नेलं. रागवा आमच्यावर. पर बोला की वो!

उठा मंडळी. घटकाभर गप उभं राहू.