पाण्याचं माप

वसमतच्या बसस्थानकात कुरुंद्याची गाडी अजून लागली नव्हती. उद्धव मास्तरांच्या पाठीमागच्या बाकड्यावर दोन बायका येऊन टेकल्या. कागदाची पुडी सोडल्याचा आवाज आला.

"अगं कमल, हे तर दारू मोजायचं माप! मालक पुन्हा पिऊन राहिले काय?"

"न्हाई हो शालूबाई. दारू कवाच सुटली."

"मग हे काहून? जुनं होतं की घरात."

"त्याला पोचा पडला. पोचा पडला की कमी भरतं. अन् कितीबी राखेनं घासा, वास जाईना."

"हे तरी बराबर हाय का?"

"दुकानात पाणी भरून पाहिलं. आतून रेघ हाय. दुकानदार म्हणला, बाई, बार टाकता काय?"

"अन् मोजतीस काय ह्याच्यात?"

"पाणी. किडन्या गेल्या न्हवं त्यांच्या. डाक्टर म्हणले, मोजूनच द्या, जास्त झालं की अंग सुजतं."

"अरे देवा. ऐकतेत का?"

"कुठलं! मापाला एक तोंड लहान, एक मोठं. तवा दारूपायी माझी नजर चुकवून माप उलटं करायचे, आता पाण्यापायी करतेत."

मास्तरांनी हातातली पाण्याची बाटली हळूच पिशवीत ठेवली.

"अन् तू काय करतीस?"

"भिंतीकडं पाहते."

"मग एवढं पारखून माप घेतलंस कशाला, बाई?"

"किती जास्त गेलं, ते मला तरी ठाऊक पाहिजे."